फाइल पोचली, मजकूर पोचला का?

संगणकाचा इतिहास म्हटलं की यंत्रांचा इतिहास सांगितला जातो. आज आपण यंत्र बदललं तेव्हा मजकुराचं काय झालं ते पाहू, आणि तेही मराठी मजकुराचं.

१९९०च्या दशकात खिळे जुळवणं मागे पडलं आणि डीटीपी आलं. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सगळं संगणकावर. श्रीलिपी, आकृती ही नावं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. पण तेव्हा फाइलमध्ये साठवलं काय जात होतं? अक्षर नव्हे. एका बाइटला २५६ जागा. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले – अर्धा स, काना, रफार, वेलांटी. कुठल्या जागी कुठला तुकडा, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. म्हणजे मराठी होती ती फॉन्टमध्ये, फाइलमध्ये नव्हतीच.

अशी फाइल नव्या संगणकावर नेली, एक बिटही न सांडता नेली, आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि कंसांची खिचडी. नक्कल अचूक, आणि वाचता काहीच येत नाही! ज्ञानमीमांसेच्या वर्गात यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला कधी मिळालं नाही.

बरं, दुसरी वाट नव्हती असंही नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. तीत अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जात. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडनं देवनागरीचा आराखडा इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतला. मग डीटीपीवाल्यांनी तो मार्ग का धरला नाही? त्यांना दोष देणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. पेजमेकरला देवनागरी कळत नव्हती, आणि छापणाऱ्याला कागदावर उमटणाऱ्या आकाराशी मतलब. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २०००मध्ये. तोवर ढीगभर मजकूर आकारांतच साठला होता.

तो युनिकोडमध्ये आणायचा म्हणजे नुसती अदलाबदल नाही. 'स्थिती' शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी. युनिकोडमध्ये ती सबंध जोडाक्षरानंतर. 'धर्म'मधला रफार म वर दिसतो, म्हणून जुन्या फाइलमध्ये म च्या नंतर; युनिकोडमध्ये र म च्या आधी. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला जोडाक्षर कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, हे ओळखावं लागतं. थोडक्यात, त्याला वाचावं लागतं.

आणि मग खास आपली अडचण : अर्धा चंद्रकोरीसारखा र. प्रोग्रामनं तो साधा रफार समजून टाकला, तर आचाऱ्यांना वाढलेला शिधा आचार्यांना मिळतो. (आचार्यांची तक्रार नसावी.) विनोद सोडा, पण 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर डोंगरातला माणूस समुद्रात जातो, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही शब्द बरोबरच वाटणार. तिथे मुद्रितशोधकच हवा.

गंमत म्हणजे युनिकोडमध्येही हा र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर 'वाऱ्यावर' अगदी सारखाच दिसतो. शोधताना मात्र साधा प्रोग्राम एका प्रकारानं लिहिलेला शब्द सापडवतो आणि दुसऱ्या प्रकारानं लिहिलेला, त्याच पानावर असूनही, ओलांडून पुढे जातो.