‘सांक्तुस’ आणि ‘संत’

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचं शिर जपून ठेवलंय. खोट्या साक्षींवरून राजद्रोही ठरवून त्यांना १६८१ मध्ये लंडनला देहदंड दिला गेला. रोमनं १९२० मध्ये त्यांना ‘बेआतुस’ आणि १९७५ मध्ये ‘सांक्तुस’ म्हणून घोषित केलं.

लॅटिनमधली ही दोन्ही कर्मणि भूतकालवाचक धातुसाधितं: ‘सुखी केलेला’, ‘पवित्र ठरवलेला’. स्त्रीलिंगी ‘सांक्ता’, नपुंसकलिंगी ‘सांक्तुम’. म्हणजे ठरवणारा दुसराच कुणीतरी असतो. ‘दाम्नातुस’, म्हणजे दोषी ठरवलेला, हेही त्याच घडणीचं रूप.

आपला ‘संत’ कानाला तसाच वाटतो, पण त्याचं ‘सांक्तुस’शी नातं नाही. तो संस्कृत ‘अस्’ धातूच्या ‘सत्’ या वर्तमानकालवाचक धातुसाधितावरून आलाय: ‘असणारा’. तिथे ठरवणारा लागत नाही.