कातड्याच्या वादीने वेढलेला मुलूख

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे जव्हारला जाणारी एसटी आधी मोखाड्याला थांबते. तिथून जव्हार फार लांब नाही. पण याच रस्त्यावर १९४८ पर्यंत एक सरहद्द होती. पूर्वेला मोखाडा, म्हणजे शहापूर तालुक्याचा पेटा, थेट इंग्रजांच्या अमलाखाली. पश्चिमेला जव्हार, मुकणे घराण्याचे संस्थान. दोन्हीकडे माणसे तीच होती: वारली, महादेव कोळी, कोकणा, ठाकूर, कातकरी. नागली-वरईही तीच आणि डोंगरही तेच.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, रजा टाकून या दोन तालुक्यांत हिंडत आलो. काही वर्षांपूर्वी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर नव्वदीकडे झुकलेल्या एका आजोबांना मी शिवाजी महाराज आणि जव्हारच्या राजाच्या भेटीबद्दल विचारले. ती गोष्ट पलीकडची, जव्हारवाल्यांना विचारा, असे ते म्हणाले. तिकडे राजा होता, आमच्याकडे साहेब होता. सरहद्द पुसून इतकी वर्षे झाली, पण ‘आपली गोष्ट कोणती’ हे ठरवताना ती अजून जागी होती. मग एखाद्या समाजाची ‘आपली गोष्ट’ तयार होते तरी कशी? हा प्रश्न मी तिथून घरी आणला.

१८८२ साली दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. मार्च महिन्यात पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात अर्नेस्ट रनाँ या फ्रेंच विद्वानाने ‘राष्ट्र म्हणजे काय?’ या विषयावर व्याख्यान दिले. वंश, भाषा, धर्म, भूगोल यांपैकी कशानेही राष्ट्र पुरते सिद्ध होत नाही. ते सामाईक आठवणींवर आणि एकत्र राहण्याच्या इच्छेवर उभे असते, असे त्याचे सांगणे होते. पुढे तो म्हणाला की राष्ट्र घडायला विसरणेही तितकेच लागते. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला. जव्हारचा इतिहास इंग्रज सरकारच्या दफ्तरी असा छापील झाला.

सरकारी ग्रंथांनी नोंदवलेली जव्हारच्या राज्याची जन्मकथा अशी: हा मुलूख आधी एका वारली नायकाकडे होता. जयबा मुकणे, म्हणजेच पौपेरा, याने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने हो म्हटले. मग जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि सारा मुलूख वेढून घेतला. कार्थेजच्या राणी डायडोचीही अशीच कथा आहे, हे साम्य इंग्रज ग्रंथकारांनी तिथेच नोंदवले. अशा कथा जगभर फिरतात, तेव्हा घटना म्हणून हिचे मोल शून्य. पण कबुली म्हणून ते मोठे आहे. आपल्या आधी इथे दुसरे कोणी होते आणि जमीन त्यांची होती, हे राज्याची जन्मकथा स्वतःच सांगते. त्या वारली नायकाचे नाव मात्र ती सांगत नाही.

जयबानंतर नेमशहा. त्याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाला तो १३४३ साली. जव्हारने त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला आणि संस्थानी कागदांवर तो एकोणिसाव्या शतकातही लिहिला जात असे. मुलूख डोंगराळ आणि कोळी राजाचा, पण काळ मोजण्याची सुरुवात दिल्लीच्या मान्यतेपासून! त्या काळी यात कोणाला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. निष्ठा राजघराण्याशी असे. ‘राष्ट्र’ ही कल्पना अजून यायची होती.

ती आल्यावर आठवणींची निवड बदलली. आज जव्हारमध्ये अभिमानाने दाखवले जाणारे स्थळ म्हणजे शिरपामाळ. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, विक्रमशहा राजांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि तोच विक्रमशहा मोगली मुलखात निघून गेला. शिरपामाळावर ही दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नाही. रनाँ म्हणतो ते विसरणे हेच. ‘स्वराज्यात आमचाही वाटा होता’ असे म्हणायचे तर १६६४ आठवावे लागते आणि १६७२ विसरावे लागते. जव्हारने यात काही वावगे केले असे मी म्हणत नाही. सगळेच करतात.

सर्वात ठळक उदाहरण स्कॉटलंडचे. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या कुळांना सखल भागातले स्कॉट लोक तेव्हा दरोडेखोर समजत. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत या कुळांचा बंडावा मोडला आणि त्यांच्या पोशाखावर बंदी आली. ती उठायला १७८२ उजाडले. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखलेल्या त्या सोहळ्यात खुद्द राजा डोंगरी लोकांचा किल्ट घालून मिरवला. कालपर्यंत बंदी असलेला वेश साऱ्या देशाची ओळख झाला. मात्र त्याच दशकांत जमीनदार मेंढ्यांच्या कुरणांसाठी त्या डोंगरी खोऱ्यांतून कुळांना हाकलत होते. वेश राजधानीत आला, माणसे मात्र देशोधडीला लागली.

हे वाचले तेव्हा मला आपल्या भिंती आठवल्या. वारली चित्रे आज सरकारी इमारतींवर, साड्यांवर, भेटवस्तूंवर आहेत. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. महाराष्ट्राची ओळख म्हणून आपण ही चित्रे पुढे करतो. पण जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२ मधल्या बालमृत्यूंमुळे. चित्र आपले म्हणणे सोपे आहे. ते काढणाऱ्याचा इतिहास आपला म्हणायचा तर त्या बिननावाच्या नायकापर्यंत मागे जावे लागते आणि वावर-वांगणीपर्यंत पुढे यावे लागते.

जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात काम केले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. राजाची प्रजा नागरिक झाली, राजा लोकप्रतिनिधी. राष्ट्राच्या गोष्टीत त्यांना जागा मिळाली. मोखाड्याच्या त्या आजोबांकडे शिरपेच नव्हता, शक नव्हता, राजाही नव्हता. मग त्यांनी कोणती गोष्ट घेऊन या राष्ट्रात यायचे?

याचे एक उत्तर मला बोहाड्यात दिसले. जव्हार-मोखाड्याच्या गावांतून देवांचे आणि असुरांचे मुखवटे चढवून, संबळ-सनईच्या तालावर रात्रभर सोंगे नाचतात. या रात्रीला सरहद्द ठाऊक नाही. इथे राजा मध्यस्थ नाही आणि साहेबही नाही. सामाईक आठवण म्हणून रनाँला जे हवे होते ते इथे होतेच. फक्त त्याला इतिहास म्हणायला आपण तयार नव्हतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा या दोन तालुक्यांतले भात कापून होत आले असेल. दिवाळी सरली की पाड्यांवरची कुटुंबे बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतील. त्या वारली नायकाचे वंशज त्यांत असतील. कातड्याची ती वादी अजून आवळलेलीच आहे. तिच्या आत आपण कोणाकोणाला मोजतो, एवढे ठरवणे आपल्या हाती आहे.