पदराआडचं पोट



सकाळी सैल असलेली परकराची नाडी संध्याकाळी काचायची. मंदिरात कुणी "पोट सुटलंय हो" म्हणालं की मी पदर ओढून घ्यायची. पण ती चरबी नव्हती, वायू होता.

दूध, फळं, कडधान्यं यांतल्या न पचणाऱ्या साखरांचा पूर्वी वेगवेगळा विचार होई. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी त्यांना एकत्र 'फॉडमॅप' नाव दिलं. त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगतं. त्यांच्या यादीत कांदा-लसूण आहेच. ते आपण खात नाही. पण गहू, हरभरा, राजमाही आहे!

मग मी वहीत खाण्याचा जमाखर्च मांडला. हरभरा भिजवलेलं पाणी आता टाकून देते, उसळ थोडीच घेते. पोट रोजच फुगत असेल तर मात्र पदराआड लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.