गाठीवरची माती

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत तगर नगराच्या वाट्याला मोजकी वाक्ये आली आहेत. बॅरिगाझा, म्हणजे भरुच, येथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे येतात, तगरहून साधे कापड, नाना तऱ्हेची तलम वस्त्रे आणि पूर्वेकडून तिथे जमा झालेला इतर माल. हे सारे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला पोहोचते.

हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणाकाठचे तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये पटवून दिली. त्याआधी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक गावांवर तगराचा दावा सांगितला जात होता. ओळख पटल्यापासून तेरविषयी पुष्कळ लिहिले गेले. रोमशी असलेला व्यापार, पाँपेईला मिळालेल्या मूर्तीची आठवण करून देणारी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा, विटांचे त्रिविक्रम मंदिर, हे सगळे वाचकांच्या परिचयाचे आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही; ग्रंथालये आणि पायपीट हीच माझी शाळा. त्यामुळे असेल कदाचित, पण मला त्या गाड्यांविषयी एक बाजारी प्रश्न पडत आला आहे. महिनाभर वाटेवर असलेले गाठोडे भरुचच्या व्यापाऱ्याने सोडले, तेव्हा आतला माल तगरला बांधलेलाच आहे, हे त्याला कोण सांगत होते? आणि वाटेत गाडीवानाचे काही बरेवाईट झाले, तर जबाबदार कोण होते?

आज याला आपण माहितीची सुरक्षा आणि माणसांची सुरक्षा म्हणू. दक्षिणेत या दोन्ही गोष्टींची सुरुवात एकाच वस्तूपासून करता येते. ती वस्तू म्हणजे ठसा उमटवलेली मातीची गोळी.

कुलूप आणि मुद्रा

गाठोडे सुतळीने बांधायचे, गाठीवर ओल्या चिकणमातीची गोळी दाबायची आणि तिच्यावर अंगठीचा किंवा शिक्क्याचा ठसा उमटवायचा. माती वाळली की काम झाले. अशा गोळ्या उत्खननांत सापडतात तेव्हा पुढच्या बाजूला चिन्ह किंवा अक्षरे असतात आणि मागच्या बाजूला सुतळीचे पीळ उमटलेले दिसतात. सुतळी कुजून दोन हजार वर्षे झाली, तरी पीळ मोजता येतात.

वाळलेल्या मातीत बळ ते किती? लहान मूलही ती फोडेल. पण फोडल्यावर ती पुन्हा जोडता येत नाही, आणि नवी गोळी लावायची तर शिक्का दुसऱ्याच्या बोटात आहे. कुलूप चोराला अडवते. मुद्रा त्याला अडवत नाही, पण चोरी झाली हे लपू देत नाही. जिथे प्रत्येक गाडीबरोबर पहारेकरी देणे शक्य नाही, तिथे हा दुसरा उपाय स्वस्त आणि पुरेसा असतो. मात्र त्याला एक अट आहे. पलीकडच्या टोकाला ठसा ओळखणारा आणि फुटलेल्या ठशाचा जाब विचारणारा कुणीतरी लागतो.

जाब विचारणारी व्यवस्था

तो जाब कसा विचारला जात असे, याचे तपशीलवार चित्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. तो सातवाहनांचा कायदा नव्हे आणि त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण व्यापारी वाटेवर मुद्रेकडून काय अपेक्षित होते, हे त्यावरून स्पष्ट होते. शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात नियम आहेत. मालावर मुद्रा नसेल तर जकातीच्या दुप्पट दंड. मुद्रा खोटी असेल तर आठपट. मुद्रा फुटलेली असेल तर व्यापाऱ्याला नाक्यावरच अडकवून ठेवायचे. म्हणजे मुद्रा न लावणे हा हलगर्जीपणा आणि खोटी लावणे हा गुन्हा, असा भेद दंडाच्या आकड्यांतच आहे.

त्याच प्रकरणातली आणखी एक तरतूद मला अधिक महत्त्वाची वाटते. सीमेवरचा अधिकारी, अंतपाल, मालाच्या गाडीमागे सव्वा पण वाटकर घेतो. हा कर घेतल्यावर वाटेत जे हरवेल किंवा चोरीला जाईल त्याची भरपाई त्यानेच करायची आहे. परदेशी तांडा आला, तर त्याने मालाची तपासणी करून, ओळखखूण आणि मुद्रा देऊन तांडा पुढे पाठवायचा. मुद्रा लावली की मालाची नोंद झाली, आणि नोंद झाली की तो माल राज्याच्या जबाबदारीचा झाला.

माणसांनाही मुद्रा होती. मुद्राध्यक्ष एक माषक घेऊन परवाना देई. तो असेल तरच जनपदात येता-जाता येई. स्थानिक माणूस परवान्याशिवाय सापडला तर बारा पण दंड. परवाना खोटा निघाला तर स्थानिकाला दंडाची खालची पायरी, पण परक्याला सर्वांत वरची. माणसाला संरक्षण देणारा कागद त्याच्यावर नजरही ठेवतो, ही दुधारी गोष्ट आपल्या काळात जन्मलेली नाही.

गळ्यातली मुद्रा

तेर, तेलंगणातले कोंडापूर अशा सातवाहनकालीन ठिकाणी मातीची छोटी गोल पदके मिळाली आहेत. त्यांवर रोमन नाण्यावरच्या सम्राटाच्या मुखाची नक्कल असते. काहींना ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते. सोन्याचे खरे नाणे ज्याच्या आवाक्याबाहेर होते, त्याने मातीचे घालून हौस भागवली, असा त्याचा साधारण अर्थ लावतात.

अभ्यासकांनी या पदकांना ‘बुला’ हा लॅटिन शब्द दिला, आणि त्या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ बुडबुडा. रोममध्ये स्वतंत्र घरातल्या मुलाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून जे गोल पदक घालत, ते बुला. वयात आल्यावर मुलगा ते उतरवून ठेवी. पुढे युरोपात पोपच्या आज्ञापत्राला लटकवलेल्या शिशाच्या मुद्रेला बुला म्हणू लागले आणि त्यावरून आज्ञापत्रालाच ‘बुल’ हे नाव पडले. मुलाचे रक्षण करणारे पदक आणि कागदाचे रक्षण करणारी मुद्रा, दोन्हींना एकच शब्द.

आपल्याकडचा ताईत हे त्याच कल्पनेचे दुसरे टोक. त्यात लिहिलेला कागद घडी करून धातूच्या नळीत बंद करतात, नळी डिंकाने किंवा लाखेने मिटवतात आणि दंडाला किंवा गळ्यात बांधतात. नळी कागदाला जपते आणि कागद माणसाला जपतो, अशी त्यामागची श्रद्धा. ती श्रद्धा मानावी की नाही हा वेगळा विषय. इथे नोंदवायचे ते एवढेच की मिटवलेला मजकूर आणि सुरक्षित माणूस ही जोडी आपल्या मनात फार जुनी आहे.

तीन जागी नोंद

गाठोड्यावरची मुद्रा महिनाभर टिकली तरी पुरे. कायमच्या व्यवहाराचे काय? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांमधील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा वर्ष 42 चा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे.

हिशेब करून पाहा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खूंना बारा-बारा, म्हणजे 240. दगडावरचा एखादा आकडा कुणी खोडून बदलला असता, तर उरलेल्या आकड्यांनी ते उघड केले असते.

लेखाच्या शेवटी म्हटले आहे की हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात, म्हणजे दप्तरात, नोंदवले. एकाच व्यवहाराचे तीन साक्षीदार झाले : सभेतल्या लोकांचे कान, दप्तर आणि लेण्याची भिंत. ते कान गेले, दप्तरही गेले. भिंत राहिली म्हणून उरलेल्या दोहोंची माहिती आपल्याला आहे. महत्त्वाची नोंद एकाच ठिकाणी ठेवू नये, हा धडा संगणकवाले आज देतात. नाशिकच्या त्या लेखनिकाला तो ठाऊक होता.

कडी कापली होती का?

पुढच्या काळात ही सारी युक्ती ताम्रपटात एकवटली, आणि इथे तेरचे नाव पुन्हा येते. उत्तर कोकण आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणचे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगराशी असलेले नाते राज्य सोडून दूर गेल्यावरही त्यांनी बिरुदात जपले. हे बिरुद त्यांच्या ताम्रपटांवर वारंवार भेटते.

ताम्रपट हातात घेतला की त्याची रचनाच बोलते. पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरे झिजू नयेत. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी. प्रत्येक पत्र्याला भोक, भोकातून कडी, आणि कडीची दोन्ही टोके राजमुद्रेच्या गोळ्यात पक्की केलेली. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. मधला पत्रा काढून दुसरा घालायचा, तर कडी कापावीच लागणार. फ्लीट आणि त्यांच्या पिढीचे संशोधक ताम्रपटाचे वाचन छापताना, तो हाती आला तेव्हा कडी कापलेली होती की अखंड, हे आवर्जून नोंदवत. ते पोलीस पंचनाम्यासारखे वाटते, आणि खरोखर तो पंचनामाच आहे.

त्याची गरजही होती. जमिनीच्या लोभाने बनावट ताम्रपट शेकड्याने तयार झाले. तेरची ओळख पटवली त्याच 1901 साली फ्लीट यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’त बनावट भारतीय लेखांची लांबलचक यादी छापली. ताम्रपटाच्या अखेरीस दान हिरावणाऱ्याला दिलेले शाप आणि शिलालेखांवरच्या गधेगाळी यांकडे आपण गमतीने पाहतो. पण जिथे मुद्रेचा जाब विचारणारा राजा उद्या असेल याची खात्री नाही, तिथे शाप हाच शेवटचा पहारेकरी होता.

मराठी कागदांनी हा वारसा पुढे नेला. आज्ञापत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब. मोर्तबाच्या खाली कुणी ओळ वाढवली तर ती बाहेरची ठरे. कागदाचे बंद एकमेकांना चिकटवून लांब पत्र केले, तर जोडावर ठसा मारत, म्हणजे अर्धा ठसा एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. त्यात मजकुराची सुरुवात आणि शेवट दोन्ही बंद करण्याची रीत दडली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो तेव्हाही तत्त्व तेच असते. ती स्वाक्षरी कुणाचा हात धरत नाही. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी ते उघड करते.

पांढरीची मुद्रा

आता पुन्हा तेरला येऊ. हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते, हे सांगणाऱ्या कुंभाराची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मातीची पारख या गावाच्या स्मृतीतच आहे. आणि आज सगळ्यात जास्त धोका आहे तो या गावच्या मातीलाच.

उत्खननशास्त्रात ‘सीलबंद थर’ असा शब्द आहे. एखाद्या घराची जमीन चोपून केली, की तिच्याखाली असलेले खापर, नाणे, मणी त्या जमिनीने मुद्रांकित होतात. वरचे खाली जात नाही, खालचे वर येत नाही. तेरला 1958 मध्ये बी. एन. चापेकर यांनी आणि पुढे इतरांनी केलेल्या उत्खननांचे मोल यातच आहे. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली, हे त्यांतून कळले. तेच नाणे नांगराच्या फाळाला लागून वर आले, तर नाणे राहते आणि साक्ष जाते.

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. तिची माती खत म्हणून शेतात जाते, भिंतीला जाते, भरावाला जाते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने ती माती आहे आणि ती चांगली आहे. या मातीतून वर आलेल्या वस्तू तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या संग्रहातून गावात शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यांनी ते केले नसते, तर तगराची कितीतरी ओळख परगावच्या बाजारात गेली असती. पण एकटा संग्राहक वस्तू वाचवू शकतो. न फुटलेला थर वाचवणे गावाच्या आणि शासनाच्या हाती असते.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. टेकाडांच्या हद्दी सातबाऱ्यावर स्पष्ट नोंदवलेल्या हव्यात. माती नेण्यावर देखरेख हवी. पायाखाली काही सापडले तर कुठे, किती खोल, कशाजवळ, हे ग्रामपंचायतीच्या एखाद्या वहीत त्याच दिवशी उतरले पाहिजे. आणि ज्याच्या शेतात सापडले, त्याला ते सांगितल्याबद्दल त्रास न होता मान मिळाला पाहिजे. वाटकर घेणाऱ्याने भरपाईही करावी, हा अंतपालाचा नियम इथेही लागू आहे. जमिनीवर निर्बंध घालणाऱ्याने जमीनवाल्याचे नुकसान भरून द्यावे. नाहीतर सापडलेली वस्तू रात्रीतून नाहीशी होईल आणि त्याचा दोष फक्त शेतकऱ्याला देता येणार नाही.

भरुचच्या व्यापाऱ्यासमोर गाठोडे येई, तेव्हा तो आधी गाठीवरची माती पाही आणि मग गाठ सोडी. तेरच्या पांढरीत अजून न सोडलेल्या गाठी पुष्कळ आहेत. त्यांच्यावरची माती आज किती ठिकाणी अखंड आहे, एवढे तरी एकदा मोजून ठेवले पाहिजे.