‘आमच्या वार्ताहराकडून’ : वसईची बातमी आणि स्त्रीची सही

मराठी प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग बहुधा उघड करते. ‘मी गेले’ म्हटले की स्त्री समोर उभी राहते, ‘मी गेलो’ म्हटले की पुरुष. बातमीच्या भाषेने या ‘मी’लाच रजा दिली आणि त्याच्या जागी ‘आमच्या वार्ताहराकडून’ हे पुल्लिंगी, अनाम पद बसवले. ‘गावात पाण्याची टंचाई असल्याचे समजते’ हे वाक्य कोणाला काय समजले ते सांगत नाही. वस्तुनिष्ठतेची खूण म्हणून आपण या रचनेकडे पाहत आलो. पण गावातच राहून गावाविषयी लिहिणाऱ्या माणसाचा तो आडोसाही होता. स्त्रीच्या बाबतीत या आडोशाने दोन कामे केली. तिला संरक्षण दिले, आणि तिने लिहिले याचा पुरावा पुसून टाकला.

आपल्या समीक्षेने प्रादेशिकतेची आणि देशीयतेची चर्चा विपुल केली. कादंबरीत बोलीचे किती मीठ पडले, याची मोजदाद झाली. परंतु ज्या गद्यप्रकाराचे सारे अस्तित्वच स्थानिकतेवर उभे आहे तो प्रकार, म्हणजे तालुक्याचे बातमीपत्र, संहिता म्हणून कोणी फारसा वाचला नाही. प्रस्तुत लेखात वसईच्या आधाराने तो वाचण्याचा प्रयत्न आहे.

वसई निवडण्याचे कारण सरळ आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, मध्ये वाड्या, विहिरी, मिठागरे आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्ग. कादोडी बोलणारे सामवेदी, वाडवळ, कोळी, पूर्वपट्टीतले वारली असे अनेक भाषक समाज येथे शेजारी राहतात. १९९० मध्ये सिडकोकडे येथील नियोजन आले, २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेली. एवढ्या वेगाने जमीन हातची जाते तेव्हा बातमी नुसती माहिती राहत नाही, ती मालमत्तेच्या व्यवहारातला एक पक्ष होते. टँकरने विहिरी उपसून नव्या इमारतींना पाणी विकले जाऊ लागले तेव्हा विहीर मचूळ झाल्याचे पहिल्यांदा कळले ते पाणी भरणारीला. बातमीचा हा मूळ स्रोत स्त्री होती. छापील बातमीत तिचे रूपांतर ‘ग्रामस्थांचे म्हणणे आहे’ असे होई.

या काळात वसईत स्वतंत्र लेखनाला जे एक बळकट छत्र मिळाले ते ‘सुवार्ता’ मासिकाचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात संपादक म्हणून एका धर्मसमाजाचे नियतकालिक व्यापक मराठी वाचकांपर्यंत नेले, आणि हरित वसईच्या लढ्याला त्यातून शब्द पुरवले. संपादक धर्मगुरू असणे हे येथे केवळ चरित्राचे तपशील नव्हेत. त्या झग्यामागे एक संस्था उभी होती; जमिनीच्या दलालाला एकट्या वार्ताहराशी वागता येते तसे तिच्याशी वागता येत नव्हते. अर्थात छत्र ज्याचे, सावलीचा आकारही त्याचाच. वसईतल्या स्त्रिया मराठी साहित्यात आल्या त्या मुख्यतः कविता, ललित लेख आणि संशोधन या वाटांनी. सिसिलिया कार्व्हालो हे त्यांतले ठळक नाव. बातमीदारीच्या वाटेवर अशी सहज आठवणारी नावे नाहीत. प्रतिभा कमी पडली म्हणून असे झाले, असे मानण्याला काही आधार नाही. कवितेखाली सही करणे आणि बांधकामाच्या बातमीखाली सही करणे यांतल्या धोक्याचे अंतर मात्र सर्वांना ठाऊक होते.

ते अंतर किती, हे नालासोपाऱ्यात जून २००२ मध्ये दिसले. आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनींसाठी कागद गोळा करून न्यायालयात लढणाऱ्या नवलीन कुमार यांचा तेथे खून झाला. त्या पत्रकार नव्हत्या. पण कोणाची जमीन कोणाच्या नावे कशी गेली, हे कागदावर आणणे हेच शोधपत्रकारितेचे अर्धे काम असते, आणि ते त्या स्वतःच्या नावाने करीत होत्या. राजधानीतल्या पत्रकाराला आपण ज्याच्याविषयी लिहितो त्याच्यापासून अंतर तरी मिळते. तालुक्यात लिहिणारी आणि जिच्याविषयी लिहिले ती मंडळी एकाच फलाटावर लोकलची वाट पाहत असतात.

मग संरक्षण म्हणजे नेमके काय? मराठीत या प्रश्नाचा पहिला मोठा धडा मिळतो तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही वृत्तपत्राच्याच वादातून. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्राने एकूण स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी उत्तर दिले. १८८२ साली पुण्यात छापलेली ‘स्त्री-पुरुष तुलना’ ही मुळात वृत्तपत्राला दिलेली जबानी आहे, हे आपण तिला स्त्रीवादी चिंतनाच्या इतिहासात बसवताना विसरतो. तिच्यातला ‘मी’ लपलेला नाही, क्रियापदे स्त्रीलिंगीच आहेत.

या पुस्तिकेवर हल्ला झाला तो केवळ सनातन्यांकडून नव्हे. सत्यशोधक वर्तुळातल्या कृष्णराव भालेकरांनीही तिची हेटाळणी केली. हे तेच भालेकर, ज्यांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ सुरू करून बहुजनांना स्वतःचे पत्र दिले होते. जोतीराव फुले यांनी यावर जे केले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. खाजगी समजूत घालून त्यांनी प्रकरण मिटवले नाही. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू छापून घेतली, आणि आपल्याच सहकाऱ्याला उघड फटकारले. पहिल्या अंकाचे निमित्त पंडिता रमाबाई होत्या. म्हणजे एका स्त्रीच्या जाहीर शब्दाला जाहीर शब्दानेच पाठिंबा द्यावा, तोही स्वपक्षाची गैरसोय पत्करून, हा संकेत फुल्यांनी घालून दिला.

त्याने ताराबाई लिहित्या राहिल्या असे मात्र म्हणता येत नाही. त्यांचे दुसरे पुस्तक नाही. पुढे स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ‘तुलना’ पुन्हा प्रकाशात आणली तोवर नव्वदाहून अधिक वर्षे गेली होती. पण सही होती, म्हणून सापडल्या. ‘दीनबंधु’चेच संपादन पुढे तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर हाती घेतले आणि १९१२ पर्यंत चालवले. संपादकाच्या जागी स्त्री बसल्याची ही एवढी मोठी घटना. पण वाङ्मयेतिहासात तिला मिळालेली जागा पाहिली की अनाम अग्रलेखाची किंमत कळते. उलट बाजूने पाहायचे तर १९३३ चे ‘कळ्यांचे निःश्वास’ आठवावे. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांना आडोसा दिला, तरी ते नाव एका स्त्रीचे होते. कादंबरी-कथेला अशी सोय परवडते. बातमीला परवडत नाही, कारण तिच्या खरेपणाची हमी देणारे माणूस कोणीतरी असावे लागते.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये प्रसारमाध्यमांतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडून तपास, या त्याच्या मुख्य तरतुदी. तो आवश्यक होता, याविषयी दुमत नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांचा बळी गेला, ही आठवण ताजी आहे. तथापि या कायद्याची संहिता वाचली की तिच्यातला पत्रकार कसा कल्पिलेला आहे हे दिसते. पत्रकारिता हा त्याचा प्रमुख व्यवसाय आहे, तो संस्थेशी नोकरीने वा कराराने बांधलेला आहे, आणि हिंसा त्याच्या कर्तव्याच्या वेळी त्याच्या देहावर होते. शिकवण्या घेऊन किंवा दुकान सांभाळून बातमी धाडणारी वार्ताहर या चौकटीच्या उंबरठ्यावरच राहते. आणि तिच्यावर पहिला वार होतो तो सहसा देहावर नसतोच, चारित्र्यावर असतो. ताराबाईंवर झाला तोही तसाच होता.

कायद्याचे हत्यार कोणाच्या हाती जाते, हेही या जिल्ह्याने पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. त्या चार ओळी म्हणजे खरे तर गावच्या बंदचे बातमीपत्रच होते, फक्त ‘आमच्या वार्ताहराकडून’ हा आडोसा त्यांना नव्हता. त्या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विधी शाखेच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्दबातल ठरले. एका स्त्रीच्या शब्दामागे दुसरी स्त्री आपल्या नावानिशी उभी राहिली, हा ‘सत्सारा’चाच प्रकार म्हणावा लागेल.

असाच दाखला उत्तर प्रदेशात आहे. चित्रकूट जिल्ह्यात २००२ पासून ग्रामीण स्त्रियांनी बुंदेली बोलीत चालवलेल्या ‘खबर लहरिया’च्या बातमीदारांना २०१५ मध्ये एक इसम महिनोन्‌महिने अश्लील फोन करीत होता. पोलिसांकडे तक्रार होऊनही हालचाल होईना. दुसऱ्या एका नियतकालिकात तो सारा प्रकार छापून आला, त्यानंतर अटक झाली.

वसईत आज जागल्याचे काम करणारी छोटी पत्रे आणि वाहिन्या अनेक आहेत, त्यांची उपजीविका बहुतांशी स्थानिक जाहिरातींवर, आणि स्थानिक जाहिरात म्हणजे बव्हंशी बांधकामाचीच. बातमी आणि जाहिरात यांचा मालक एकच असलेल्या पानावर सही कोण करील? २९ गावे महानगरपालिकेतून वगळण्याच्या लढ्याचा इतिहास पुढेमागे कोणी लिहायला घेतला, तर त्याला सभांची छायाचित्रे मिळतील, पुढच्या रांगेतल्या बायकाही त्यांत दिसतील. त्या सभेची बातमी लिहिणारी त्यांतली कोण होती, हे त्याला छायाचित्रावरून कळणार नाही.