उत्तरवसाहतवाद आणि आपला सिनेमा : पडद्यावर कोण बोलतो, कोणाकडे पाहिले जाते?

कॉलेजच्या वर्गांत आणि विहारांतल्या अभ्यासवर्गांत ‘उत्तरवसाहतवाद’ हा शब्द आता वारंवार कानावर येतो. साहित्य किंवा माध्यमांचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना चित्रपटांचे विश्लेषण करताना हा सिद्धांत वापरावा लागतो. तो नेमका काय आहे, आपल्या किती कामाचा आहे आणि कुठे कमी पडतो, हे काही चित्रपटांच्या आधारे आम्ही येथे मांडत आहोत.

सिद्धांत थोडक्यात

परकी सत्ता गेली म्हणजे तिने लावलेली विचार करण्याची सवयही जाते का, हा या सिद्धांताचा मूळ प्रश्न आहे. एडवर्ड सैद यांनी 1978 साली ‘ओरिएंटालिझम’ या ग्रंथात दाखवून दिले, की युरोपातील पुस्तकांनी, चित्रांनी आणि प्रवासवर्णनांनी पूर्वेकडील देशांची एक ठरावीक प्रतिमा तयार केली. गूढ, भक्तीत बुडालेली, काळाच्या मागे राहिलेली पूर्व. अशा लोकांवर राज्य करणे हे उपकारच आहेत, असे मग सहज म्हणता आले. फ्रान्झ फॅनन यांनी गुलामीचा मनावर होणारा परिणाम मांडला. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी साहेबाची नक्कल करणाऱ्या देशी माणसाचा अभ्यास केला. रणजित गुहा यांनी 1982 पासून ‘सबाल्टर्न स्टडीज’ या ग्रंथमालेतून तळातल्या माणसाचा इतिहास पुढे आणला. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1988 साली विचारले, की तळातल्या माणसाच्या वतीने सगळेच बोलत असतील, तर त्याचा स्वतःचा आवाज ऐकू येतो का?

यातून सिनेमासाठी तीन प्रश्न मिळतात. कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो? गोष्ट कोण कोणाला सांगतो? ज्याच्या दुःखावर गोष्ट उभी आहे, त्याला बोलू दिले जाते का?

पडद्यावरचे तथागत

‘प्रेम संन्यास’ हा मूकपट 1925 सालचा. परदेशात तो ‘द लाइट ऑफ एशिया’ या नावाने गेला. हिमांशू राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी तो केला आणि गौतमाची भूमिका स्वतः राय यांनी केली. त्याचा आधार होता एडविन अर्नोल्ड यांचे 1879 सालचे इंग्रजी काव्य. हे अर्नोल्ड 1850 च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातील सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते.

चित्रपटाची सुरुवात होते भारत पाहायला आलेल्या युरोपीय पर्यटकांपासून. त्यांना झाडाखाली बसलेला एक वृद्ध बुद्धाची कथा सांगतो. म्हणजे कथा बुद्धाची, भूमी आपली, पण ऐकणारा परदेशी पाहुणा. त्याला जे रुचेल ते पडद्यावर येते : हत्ती, राजवाडे, मिरवणुका आणि पत्नीचे प्रेम सोडून निघालेला उदास राजपुत्र.

अर्नोल्ड यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या काव्याने बुद्धाचे नाव जगभर पोहोचले. अनागारिक धर्मपाल यांना बुद्धगयेच्या प्रश्नाकडे वळवण्यातही अर्नोल्ड यांच्या लेखनाचा वाटा होता. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी कारण मांडले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादाचे. सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या पत्करली.

पडद्यावरचा सिद्धार्थ जगाला कंटाळून निघतो. बाबासाहेबांचा सिद्धार्थ पाण्याच्या आणि युद्धाच्या प्रश्नावर भूमिका घेऊन निघतो. आपली मुले यापैकी कोणता सिद्धार्थ पाहत मोठी होतात, हा आमच्या मते महत्त्वाचा प्रश्न आहे. बर्टोलुची यांच्या ‘लिटल बुद्धा’मध्येही (1993) चार दृश्यांचाच राजपुत्र आहे.

‘अछूत कन्या’ : सहानुभूतीची मर्यादा

ऑस्टेन यांनीच 1936 साली बॉम्बे टॉकीजसाठी ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित केला. देविका राणी यांची कस्तुरी अस्पृश्य, अशोक कुमार यांचा प्रताप ब्राह्मण. याही चित्रपटात गोष्ट वाटसरूंना सांगितली जाते. रेल्वे फाटकाशी मोटार थांबते, तिथे कस्तुरीचे स्मारक असते आणि तिची कथा उलगडते. शेवटी कस्तुरी रेल्वेखाली जीव देते आणि पूजनीय ठरते.

त्या काळाची तारीख लक्षात घ्या. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती. 1936 मध्येच लाहोरच्या मंडळाने त्यांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले आणि ते ‘जातिभेद निर्मूलन’ म्हणून पुस्तकरूपाने आले. अस्पृश्य समाज सभांतून, परिषदांतून, लेखांतून बोलत होता. पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मात्र मरूनच आदराला पात्र होत होती. स्पिवाक यांचा प्रश्न इथे चपखल लागू पडतो.

‘लगान’मधला कचरा आणि मैदानातला बाळू

‘लगान’ (2001) हा वसाहतवादविरोधी चित्रपट म्हणून जगभर गाजला. साहेबाच्या खेळात साहेबालाच हरवणे ही कल्पना भाभांच्या नकलेच्या मांडणीत नेमकी बसते. पण संघातल्या कचराकडे पाहा. त्याला संघात घ्यायला गावाचा विरोध, भुवनचे भाषण, मग गावाचे मनपरिवर्तन. या सगळ्यात कचरा स्वतः जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याचा चेंडू वळतो तोही त्याच्या अपंग हातामुळे.

प्रत्यक्ष इतिहासात याच काळात पालवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात घडत होता. गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करून त्याने कला कमावली. हिंदू संघात तो खेळला, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. भावासाठी कर्णधारपदाचा झगडा झाला आणि 1923 मध्ये पालवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. इतिहासात कौशल्य होते, मेहनत होती आणि हक्काची मागणी होती. चित्रपटात उरला तो योगायोग आणि नायकाची दया.

सिद्धांत कुठे कमी पडतो?

उत्तरवसाहतवाद बहुधा दोनच बाजू मानून चालतो : राज्य करणारे गोरे आणि राज्याखाली भरडलेले देशी. आपल्या समाजाचा अनुभव या दोन खणांत मावत नाही. 1930 च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी दोन्हीकडे बोट दाखवले. इंग्रज येण्याआधी आम्हाला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. इंग्रजांच्या राज्यात तरी ते कुठे भरता येते, असा त्यांचा सवाल होता. सत्ता आमच्या हाती आल्याशिवाय हे बदलणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

‘लगान’चे कथानक 1893 मधले आहे. त्याच दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ज्या लष्कराने काही घरांत अक्षरओळख नेली, त्याच लष्कराने दार लावून घेतले. म्हणून इंग्रजांना तारणहार मानणारी मांडणीही चुकते आणि फक्त इंग्रजच शत्रू होता ही मांडणीही चुकते. अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये (1982) बाबासाहेब एकाही प्रसंगात दिसत नाहीत, हे या दुसऱ्या चुकीचे सर्वांत ठळक उदाहरण.

कॅमेरा आपल्या हाती आला तेव्हा

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (2013) जब्याचे कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडत असते. डुक्कर हाती येणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. ज्यांना गाव माणूस मानत नाही, तेच राष्ट्रगीताचा मान राखतात. स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न एकाही संवादाविना समोर येतो. शेवटी जब्याने मारलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. इथे प्रेक्षक आता पर्यटक राहिलेला नाही.

पा. रंजित यांचा तमिळ ‘तंगलान’ (2024) एकोणिसाव्या शतकातल्या कोलारच्या सोन्याची गोष्ट सांगतो. जमीनदाराने जमीन बळकावल्यावर कुटुंब इंग्रज साहेबासोबत सोने शोधायला निघते. पिळवणूक दोघांकडूनही होते आणि चित्रपट दोघांनाही सोडत नाही. बुद्धमूर्ती तिथे विसरलेल्या वारशाची खूण म्हणून येते. तंगलान साहेबी पोशाखात गावी परततो, बायकांसाठी पोलकी आणतो. भाभा याला नक्कल म्हणतील. पण ज्यांना अंगभर कपडे घालण्याचीही मनाई होती, त्यांच्यासाठी कोट ही नक्कल नसते. बाबासाहेबांच्या पुतळ्यावरचा निळा सूट आपल्याला हेच सांगतो.

शेजारच्या श्रीलंकेचा अनुभवही बोलका आहे. सुरुवातीचे सिंहली बोलपट दक्षिण भारतातल्या स्टुडिओंत, तिथल्याच साच्यात बनत. लेस्टर जेम्स पेरीस यांनी ‘रेखावा’ (1956) श्रीलंकेच्या खेड्यात चित्रित केला आणि तो साचा मोडला. वर्चस्व फक्त लंडनहूनच येते असे नाही, हे त्यातून कळते.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

विहारात किंवा वसतिगृहात एखादा चित्रपट दाखवला, तर नंतर पुढील प्रश्नांवर चर्चा करावी असे आम्ही सुचवतो.

1. गोष्ट कोणाला सांगितली जात आहे : पाहुण्याला, सवर्णाला की आपल्याला?
2. शोषित पात्र स्वतः किती बोलते? त्याच्या वतीने कोण बोलते?
3. त्याचे यश कौशल्यातून येते, की कोणाच्या दयेतून?
4. परक्या सत्तेसोबत गावातली सत्ताही दाखवली आहे का?
5. ज्या वर्षाची गोष्ट आहे, त्या वर्षी आपला समाज प्रत्यक्षात काय करत होता?

पाचवा प्रश्न सिद्धांताच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. त्याचे उत्तर आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. म्हणून सैद आणि स्पिवाक जरूर वाचावेत, पण शेजारी बाबासाहेबांचे खंड उघडे ठेवावेत.

जय भीम!