गंधर्व आणि गवई

गंधर्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंद्राची सभा येते. पण ऋग्वेदातला गंधर्व बहुतेक ठिकाणी एकटाच असतो, आणि त्याचे काम सोमाची राखण करण्याचे! गाणारे गंधर्व ठळकपणे भेटतात ते पुढच्या काळात.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे एक कोष्टकच आहे. धडधाकट, शिकलेला तरुण, आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. त्याचा आनंद म्हणजे एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्याही शंभरपट देवगंधर्वाचा. पितर आणि देव त्यानंतर. म्हणजे माणसाच्या वरची पहिली पायरी गंधर्वाची.

महाभारतात अर्जुन स्वर्गात गेला तो अस्त्रांसाठी. इंद्राने त्याला चित्रसेन गंधर्वाकडे गाणे आणि नाच शिकायला बसवले. अज्ञातवासात विराटाच्या घरी त्याला थारा मिळाला तो याच विद्येवर. गांडीव तर शमीच्या झाडावर होते!

आता मनुस्मृती उघडा. कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी चौथ्या अध्यायात आहे. तिथे चोर आणि गवई एकाच दमात येतात. स्वर्गात गाणारा माणसाच्या वर आणि गल्लीत गाणारा चोराशेजारी, हे कोडे मला कधी सुटले नाही. मला वाटते, गाणे सगळ्यांना हवे होते, गाणारा मात्र पंगतीत नको होता.

ही वृत्ती फार जुनीही नाही बरं का. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते. एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले, गुरूंना आले नाही, कारण ते पडले गवई, अशी हकीकत सांगतात. १८९६ साली पलुसकरांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गाण्याची शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले गांधर्व महाविद्यालय. नुसते संगीत विद्यालय म्हटले असते तरी चालले असते की! पण मनूच्या यादीतल्या गवयाला त्यांनी उपनिषदातल्या पायरीवर नेऊन बसवले, असे मी समजतो.

१९३१ साली ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद... आपल्याच नात्यातल्या किती मुलींनी या परीक्षा दिल्या, मोजून बघा.